भाताचे राज्य: तंजावर प्रांताचा अर्थव्यवहार आणि तेथील वाङ्मयाची बहुभाषिकता

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा राजवाड्यापासून सुरू होतो आणि सरस्वती महालाच्या कपाटांपाशी संपतो. शहाजीराजांची नाटके, सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास, रामदासी मठांतील हस्तलिखिते यांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र हे सारे कोणत्या उत्पन्नावर उभे राहिले, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच विचारला गेला. ‘राजाश्रय’ या एका शब्दात त्याची बोळवण होते. जणू काही राजाश्रय हा राजाच्या स्वभावातील एक गुण होता, आणि तो ज्याच्यापाशी असेल त्याच्या दरबारी कवी आपोआप गोळा होत. प्रत्यक्षात तंजावरचा राजाश्रय म्हणजे भात होते: मोजलेले, वाटून घेतलेले, कोठारात साठविलेले आणि वेळप्रसंगी शेतात उभे असतानाच गहाण पडलेले भात. त्या भाताचा माग काढला, तर तंजावरच्या बहुभाषिक वाङ्मयाकडे पाहण्याची दृष्टी काहीशी बदलते, असे मला वाटते. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम पाण्याविषयी. कावेरी ही सह्याद्रीची कन्या. कोडगूमधील तलकावेरीपाशी तिचा उगम मानतात, आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस सह्याद्रीवर कोसळू लागला की तिचे पाणी पूर्वेकडे निघते. हे पाणी तंजावरात पोहोचते तेव्हा तेथील आकाश जवळजवळ कोरडे असते. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीकाठी जो ‘आडिप्पेरुक्कु’चा सण होतो, तो या दुरून आलेल्या पाण्याच्या स्वागताचा. स्थानिक पाऊस येतो तो नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून. एका प्रांताला दोन पावसांचे पाणी मिळावे, त्यातला एक पाऊस शेकडो मैल दूर पडावा आणि त्याने गाळाची माती बरोबर आणावी, ही तंजावरच्या सुपीकतेची किल्ली. पहिल्या पाण्यावर कुरुवै नावाचे अल्पमुदतीचे पीक, दीर्घ मुदतीचे सांबा, आणि कुरुवै कापल्यावर त्याच रानात घ्यावयाचे ताळडी, असा तेथील भाताचा क्रम आहे. (सांबा या नावावरून आठवले म्हणून सांगतो: सांबाराची व्युत्पत्ती संभाजीराजांच्या नावाशी जोडणारी कथा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. तिला विश्वसनीय पुरावा नाही. तंजावरशी आपले नाते सिद्ध करावयास तिची गरजही नाही.)

तथापि हे पाणी आपसूक शेतात जात नाही. श्रीरंगमच्या वरच्या अंगास मुक्कोंबु येथे नदी दुभंगते. उत्तरेकडचा प्रवाह कोळ्ळिडम, दक्षिणेकडचा कावेरी. श्रीरंगमचे बेट ओलांडल्यावर ही दोन पात्रे पुन्हा एकमेकींच्या जवळ येतात आणि कोळ्ळिडमचे पात्र सखल असल्याने कावेरीचे पाणी तिकडे ओढले जाते. ते तसे गेले तर सारा त्रिभुज प्रदेश कोरडा पडेल. तेथेच कल्लणै हा प्राचीन बांध आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व करिकाल चोळाला देते. या बांधापासून कावेरी आणि वेण्णारु अशा वाटा फुटतात, त्यांना उपशाखा, उपशाखांना पाट, पाटांना चर, आणि शेवटच्या चरातले पाणी समुद्राजवळच्या खारट जमिनीत विरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे पात्र गाळाने उंचावत आणि कोळ्ळिडमचे खोल होत चालले होते. १८३६ मध्ये आर्थर कॉटन याने मुक्कोंबुपाशी कोळ्ळिडमवर वरचा बंधारा बांधून हा तोल सावरला. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही, दरवर्षी पाटांतील गाळ काढणे, फुटलेले काठ बांधणे ही कामे ‘कुडिमरामत्तु’ या नावाने गावे करीत. ‘कुडि’ म्हणजे रयत, आणि ‘मरामत्तु’ म्हणजे आपली ‘मरम्मत’. एका संयुक्त शब्दात तमिळ रयत आणि फारसी दप्तर असे शेजारी बसले आहेत. तंजावरच्या अर्थव्यवहाराचा शब्दकोश पुष्कळसा असाच आहे.

या शब्दकोशाकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य वळावे. कारण तेथे शब्द तोच राहतो आणि त्याच्यामागचा माणूस बदलतो. ‘मिरासदार’ हा शब्द घ्या. देशावर मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणारा, गावात मान असलेला कुणबी. त्याच्या उलट ‘उपरी’, बाहेरून आलेला. तंजावरातही मिरासदार आहे, परंतु तो बहुतेक वेळा नांगराला हात लावीत नाही. तो ब्राह्मण असतो किंवा वेळ्ळाळ असतो. त्याचा हक्क जमिनीवर जितका, तितकाच गावाच्या एकंदर उत्पन्नातील वाट्यावर. तमिळमध्ये या हक्काला जुने नाव होते ‘काणियाट्चि’. त्यावर मिरासीचा शिक्का बसला तो मुसलमानी, मराठी आणि शेवटी इंग्रजी दप्तरांतून. १८१८ मध्ये फ्रान्सिस व्हाइट एलिस याने मिरासी हक्कावर जो विस्तृत प्रबंध सादर केला, त्याने हा शब्द मद्रास इलाख्याच्या महसुली भाषेत कायमचा केला. हाच एलिस त्याच्या दोन वर्षे आधी, १८१६ मध्ये, तेलुगू, तमिळ, कन्नड या भाषा संस्कृतोद्भव नसून त्यांचे स्वतंत्र कुल आहे हे सप्रमाण मांडीत होता. भाषांची वंशावळ आणि जमिनीची वंशावळ एकाच मेजावर लिहिली जात होती, हा योगायोग नव्हे. दोन्हींमध्ये प्रश्न एकच होता: मूळ कोणाचे?

दुसरा शब्द ‘सरखेल’. मराठी वाचकाला सरखेल म्हटले की आंग्रे आठवतात, गलबते आठवतात. तंजावरात मात्र सरखेल हा राजाचा कारभारी, महसुलाचा प्रमुख. इंग्रजी कागदांत त्याचे ‘सरकील’ असे रूप वारंवार येते. कोकणात ज्या पदवीने समुद्र सांभाळला, त्या पदवीने तंजावरात धान्याची कोठारे सांभाळली. कावेरीच्या मुखाशी असलेल्या या राज्याला लांब किनारा होता, पण स्वतःचे म्हणावे असे आरमार नव्हते, ही गोष्ट पदवीच्या या स्थलांतरात नकळत नोंदली गेली आहे.

किनारा दुसऱ्यांनी वाटून घेतला होता. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांना तरंगंबाडी दिली. नागपट्टणम पोर्तुगीजांकडून १६५८ मध्ये डचांकडे गेले. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले तेव्हा ही दोन्ही ठाणी तेथे आधीपासून होती. पुढे गादीच्या भांडणात मदत मिळविण्यासाठी कारैकाल फ्रेंचांना (१७३९) आणि देवीकोट्टै इंग्रजांना (१७४९) मिळाले. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यावर या एका प्रांताच्या किनाऱ्यावर चार युरोपीय निशाणे होती. तांदूळ, कापड आणि मीठ या बंदरांतून बाहेर जाई. सिंहल हे तांदळाचे जवळचे गिऱ्हाईक. किनाऱ्यावरच नागूरचा दर्गा आहे. त्याचा सर्वांत उंच मनोरा प्रतापसिंहराजांनी बांधविला. व्यापारी मुसलमानांचे हे श्रद्धास्थान राजाने का सजवावे, याला भक्ती हे उत्तर आहेच. बंदर हेही उत्तर आहे. किनाऱ्याविषयी याहून अधिक येथे लिहीत नाही, कारण राज्याचा पोटगोळा किनारा नव्हता. तो आतले रान होता.

आतल्या रानात पिकाची वाटणी होई. सरकारी वाटा ‘मेलवारम’, म्हणजे वरचा वाटा. गावाकडे राहणारा ‘कुडिवारम’. मेलवारम साधारणतः निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक असे. तो पुष्कळदा रोख नव्हे, धान्यात घेतला जाई. खळ्यावर रास पडे, मोजदार मरक्काल या मापाने ती मोजी, बारा मरक्कालांचा एक कलम. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. सारा धान्यात घेणारे सरकार हे प्रांतातील सर्वांत मोठे धान्याचे व्यापारी बनते. त्याला कोठारे लागतात, राखणदार लागतात, भाव चढेपर्यंत थांबावे लागते, आणि हिशेब लागतो, प्रचंड हिशेब. मराठी भाषा आणि मोडी लिपी तंजावरात रुजली ती प्रथम या हिशेबामुळे. तेथील मोडी कागदांचे तमिळ विद्यापीठाने तमिळ सारांश प्रसिद्ध केले आहेत. ते चाळताना प्रथम जाणवते ती ही गोष्ट की मराठी येथे काव्याची भाषा होण्यापूर्वी कोठाराची भाषा होती. नाटके नंतर आली.

आणि जेव्हा आली तेव्हा ती एकट्या मराठीत आली नाहीत. दुसरे शहाजीराजे (१६८४–१७१२) यांनी तेलुगूत यक्षगाने रचली, तमिळमध्ये ‘त्यागेशर कुरवंजी’ त्यांच्या नावावर आहे, मराठीतील ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पूर्वीचे मराठी नाटक म्हणून आपण अभिमानाने सांगतो, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगभूमीवर येतात. या बहुभाषिकतेचे स्पष्टीकरण सहसा राजाच्या औदार्याने अथवा विद्वत्तेने केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पिकाची वाटणी ध्यानात घेतली की दिसते, की या पाचांपैकी बहुतेक भाषांना त्या राशीवर आपापला हक्क होता. तमिळ ही मंदिरांची आणि वेळ्ळाळ मिरासदारांची. तिरुवारूरच्या त्यागराजस्वामीसारख्या देवस्थानांची हजारो कलमांची आवक तिच्यामागे होती. तेलुगू ही आधीच्या नायक दरबाराची, संगीताची, आणि सैन्यातून स्थायिक झालेल्या घराण्यांची. संस्कृत ही अग्रहारांची: शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविशैनल्लूर हे गाव ‘शहाजीराजपुरम’ या नव्या नावाने शेहेचाळीस पंडितांना दान दिले. दान म्हणजे काय, तर त्या गावाचा मेलवारम यापुढे सरकारी कोठारात न येता पंडितांच्या घरी जावा. मराठी ही दप्तराची आणि राजकुलाची. हिंदी मात्र या रांगेत बसत नाही. तिला तंजावरच्या खळ्यावर वाटा नव्हता. ती यात्रेकरूंबरोबर, फौजांबरोबर, गाणाऱ्यांबरोबर आली असावी. माझे समीकरण येथे अडते हे मी मान्य करतो, आणि ते फार ताणू नये असेही वाटते. तरीही पाचांपैकी चार भाषांना जे लागू पडते, ते केवळ योगायोग म्हणून सोडून देणे मला जड जाते.

राजघराण्याच्या पहिल्याच पिढीतला एक ग्रंथ येथे आठवतो. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ. परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अन्नाचे प्रकार, त्यांचे गुण, पथ्यापथ्य असा त्याचा विषय. संस्कृत ग्रंथ, पण पदार्थांची नावे देशी. ज्वारी-बाजरीच्या मुलखातून भाताच्या मुलखात आलेल्या लोकांच्या पहिल्या पिढीने अन्नावर ग्रंथ लिहवावा, हे मला फार बोलके वाटते. आपल्याकडे हा ग्रंथ पाकशास्त्राच्या अथवा आयुर्वेदाच्या खात्यात टाकला जातो. तो स्थलांतराच्या वाङ्मयातही मोडतो.

आता कर्जाकडे वळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या भाताचे जे झाले, ते मराठी ग्रंथांत फारसे आले नाही, इंग्रजी वाङ्मयात मात्र कायमचे राहिले.

अर्काटचा नबाब महंमद अली याची तंजावरच्या खंडणीवर जुनी नजर होती. तो स्वतः मद्रासमधील इंग्रज सावकारांच्या, म्हणजे पुष्कळदा कंपनीच्याच नोकरांच्या, कर्जात बुडालेला. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने त्याच्यासाठी तंजावर जिंकले, तुळजाजीराजे कैदेत पडले, आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे प्रांताचे पीक नबाबाच्या हाती गेले. नबाबाने काय करावे? त्याने उभ्या पिकावर तनखे लिहून दिले. तनखा हा शब्द आपल्याला संस्थानिकांच्या तनख्यामुळे परिचित आहे. त्या काळी त्याचा अर्थ अमुक गावच्या वसुलातून अमुक रक्कम अमुक माणसाने घ्यावी, अशी चिठ्ठी. १७७६ मध्ये लंडनच्या आज्ञेवरून मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट तंजावरास गेला आणि त्याने तुळजाजींना गादी परत दिली. तेव्हा पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर पुढे आला. त्याचे म्हणणे, तंजावरच्या वसुलावर नबाबाने दिलेल्या तनख्यांपोटी त्याचे १,६२,००० पौंड येणे आहे, आणि तेथील रहिवाशांना पिकावर दिलेल्या कर्जापोटी आणखी ७२,००० पौंड. ज्याचा वार्षिक पगार काही शे पौंडांचा, त्याचे हे येणे. मद्रासच्या कौन्सिलातील बहुमताने बेनफिल्डची बाजू घेतली, स्वतःच्या गव्हर्नरास ऑगस्ट १७७६ मध्ये अटक केली, आणि पिगट पुढील वर्षी कैदेतच मरण पावला. शेतात उभ्या असलेल्या भातावरून एका ब्रिटिश गव्हर्नराचा प्राण गेला, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

२८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्क याने अर्काटच्या नबाबाच्या कर्जांवर पार्लमेंटात जे भाषण केले, ते इंग्रजी गद्याच्या संग्रहांतून अजूनही वाचले जाते. आपल्या इंग्रजी विभागांत ते वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकविले जाते. त्यात येणारी तळी, पाट, पिके ही कर्नाटक आणि तंजावर या भागांतील आहेत, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानीही येत नाही. या भाषणाच्या नैतिक तेजाविषयी मला शंका नाही. तरीही बर्कचा आप्त विल्यम बर्क हा काही काळ तंजावरच्या राजाचा लंडनमधील वकील होता, ही गोष्ट वाचकाने जवळ ठेवावी. तंजावरच्या राजाने कवींना आश्रय दिला त्याच उत्पन्नातून त्याने लंडनमध्ये वकीलही ठेवला होता. बर्कच्या गद्याला तंजावरच्या राजाश्रयाचा दूरचा का होईना स्पर्श आहे, असे मी म्हटले तर इंग्रजीचे मित्र रागावतील. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे.

१७८१ मध्ये हैदर अलीची फौज प्रांतात शिरली. पाट फुटले, गुरे गेली, माणसे मेली अथवा पळाली. तंजावरच्या किल्ल्यात अन्न नव्हते, आणि ज्यांच्यापाशी धान्य होते ते शेतकरी आणण्यास तयार नव्हते. कारण पूर्वी आणलेल्याचा मोबदला मिळाला नव्हता. शेवटी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याने आपला शब्द दिला, तेव्हा गाड्या आल्या. राजाची आणि कंपनीची पत संपली होती, एका पाद्र्याची शिल्लक होती. या प्रसंगाकडे मिशनच्या इतिहासांत धार्मिक विजय म्हणून पाहिले जाते. मला तो पतव्यवहाराच्या इतिहासातील एक प्रसंग वाटतो. त्याच सुमारास वसुलाची नवी पद्धत आली: गावांचे गट करून त्यांचा वसूल ‘पट्टकदार’ नावाच्या मक्तेदारांकडे सोपविण्यात आला. हे बहुधा मोठे मिरासदारच होते. लवकरच ते लहान मिरासदारांच्या डोक्यावर बसले आणि कंपनीने प्रांत घेतल्यावर ही पद्धत मोडीत निघाली.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला राहिला. प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वार्षिक एक लाख स्टार पगोडा आणि निव्वळ महसुलाचा एकपंचमांश हिस्सा ठरला. वाङ्मयेतिहासात हे वर्ष सहसा सरफोजींच्या सांस्कृतिक कार्याचा आरंभ म्हणून येते. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर सव्वाशे वर्षांत प्रथमच येथे राजा आणि खळे यांचा संबंध तुटला. यापुढे राजाला मिळणारे द्रव्य हे मोजलेल्या भाताचे नव्हते. ते कलेक्टरच्या हिशेबातून आलेले नगद होते. पाणी आले नाही, पीक बुडाले, तर त्याची झळ एकपंचमांशापुरतीच. पाटाची दुरुस्ती आता राजाचे काम नव्हते. मोकळा झालेला हा राजा मग ग्रंथ जमवितो, छापखाना काढतो, नेत्ररोग्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी करवितो, आणि मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचतो.

या शेवटच्या कृतीपाशी जरा थांबले पाहिजे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, प्रेमविव्हल नायिकेला भविष्य सांगते आणि ओघात आपला डोंगर, आपला प्रदेश यांचे वर्णन करते. सरफोजींच्या कुरवंजीत ही भटकी स्त्री इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, त्यांतील देश. या कृतीचे कौतुक आधुनिक ज्ञानाचे मराठीतील आगमन म्हणून झाले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्याच प्रांताची जमीन हातची गेलेल्या राजाने जगाचा भूगोल गाणे, यात एक विलक्षण पोकळी आहे. मूळ प्रकारातली कुरत्ती आपल्या डोंगराची गोष्ट सांगे, तेव्हा त्या डोंगराचा मध आणि कंद तिच्या टोपलीत असत. सरफोजींच्या कुरत्तीची टोपली रिकामी आहे. ती नकाशावरून बोलते.

एका ठिकाणी मात्र राजाने भात सोडला नाही. रामेश्वरच्या यात्रामार्गावर राजघराण्याची छत्रे होती. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींनीच बांधले. छत्रात जातिपंथ न पाहता वाटसरूला शिजलेला भात मिळे, आजाऱ्याला औषध, मुलांना शिक्षण. ही छत्रे व त्यांच्या जमिनी आपल्याकडेच राहाव्यात, यासाठी १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटाशी कळकळीचा पत्रव्यवहार केला. मुलूख देताना त्यांनी इतकी घासाघीस केल्याचे दिसत नाही. शिजलेला भात देण्याचा अधिकार गेला तर राजेपण संपले, ही जाणीव त्यामागे असावी. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले, संस्थान खालसा झाले, आणि राणी कामाक्षीबाईंच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये हे ‘राज्यकृत्य’ असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही असा निर्णय दिला. तो निर्णय कायद्याच्या वर्गांत अजून शिकविला जातो.

येथवर जे सांगितले त्यात एक माणूस आलाच नाही. त्याच्यामुळे हे सारे भात पिकले. तंजावरचा मिरासदार चिखलात उतरत नसे. उतरत ते पळ्ळर आणि परैयर. त्यांतील पुष्कळसे ‘पण्णैयाळ’, म्हणजे एकाच घराण्याच्या शेताशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मजूर, मजुरी धान्यात, तीही मापाने मोजून. पाणी जितके निश्चित, भात जितके दाट, तितकी ही बांधिलकी घट्ट. कोरडवाहू मुलखात मजूर दुष्काळात पळून जाऊ शकतो. येथे पीक चुकत नसे आणि म्हणून सुटकाही नसे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीस न्यायालयाचा आधार राहिला नाही. पण कर्ज, घरठाण आणि धान्याची मजुरी यांनी जे बांधले होते, ते कायद्याने सुटले नाही. नागपट्टणमहून मलायाकडे आणि इतर किनाऱ्यांवरून सिंहलकडे मजुरांची जी जहाजे एकोणिसाव्या शतकात निघाली, त्यांत या रानांतील माणसे होती.

तंजावरच्या मराठी वाङ्मयात हा माणूस मला भेटलेला नाही. तमिळमध्ये तो दोन वाटांनी येतो. एक ‘पळ्ळु’ या प्रकारातून. त्यात नायकच पळ्ळन, त्याच्या दोन बायका, वर शेताचा कारभारी पण्णैक्कारन. मध्ये पाऊस येतो, नदीला पूर येतो, भाताच्या आणि गुरांच्या जातींची लांबच लांब नावे येतात, आणि कामचुकारीच्या आरोपावरून पळ्ळन खोड्यात अडकविला जातो. प्रसिद्ध ‘मुक्कूडर पळ्ळु’ तिरुनेलवेलीकडचा. पण प्रकार साऱ्या पाणथळ भातमुलखाचा. हे विनोदी, शृंगारिक वाङ्मय आहे. मजुराला नायक करते, ते त्याला हसण्यासाठी.

दुसरी वाट गोपालकृष्ण भारतींच्या ‘नंदनार चरित्रा’ची. १८६० च्या दशकाच्या आरंभी ते छापून आले, आणि छपाईला कारैकालमधील एका फ्रेंच अधिकाऱ्याचे साहाय्य झाले. बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणा’त नंदनार हा आदनूरचा परैयर भक्त आहे, त्याला चिदंबरमच्या नटराजाची ओढ. भारतींनी या कथेत मूळ पुराणात नसलेले एक पात्र घातले: नंदनचा ब्राह्मण मालक, वेदियर. नंदन चिदंबरमला जाण्यासाठी रजा मागतो. मालक अट घालतो: चाळीस वेली भाताचे काम पुरे करून जा. एक वेली म्हणजे साडेसहा एकरांहून किंचित अधिक. चाळीस वेलींचे काम एका रात्रीत देवाच्या कृपेने होते आणि मालक नंदनच्या पाया पडतो. भारती स्वतः नागपट्टणमजवळ जन्मलेले, मायवरमजवळ राहणारे. वेली म्हणजे काय आणि चाळीस वेली म्हणजे किती माणसांचे श्रम, हे त्यांना व त्यांच्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते. भक्तीच्या कथेत त्यांनी मिरासदारीचा हिशेब आणून ठेवला. समकालीन पंडितांपैकी काहींना हे काव्य रुचले नाही. व्याकरणाचे दोष हे त्याचे एक कारण सांगितले गेले.

याच काव्याशी मराठीचा एक अनपेक्षित संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास आलेल्या महाराष्ट्रीय कीर्तनकारांकडून तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाचा घाट उचलला: पूर्वरंग-उत्तररंगाची रचना, साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद. तमिळ हरिकथेचे आधुनिक रूप त्यातून घडले, आणि कृष्ण भागवतरांच्या गाजलेल्या कथांत नंदनार चरित्र होते. ज्या मजुराला तंजावरच्या दरबारी मराठी नाटकांनी जागा दिली नाही, त्याची कथा मराठी कीर्तनाच्या घाटात तमिळमधून गावोगाव सांगितली गेली, ती राज्य खालसा झाल्यानंतर. चोखोबांचे अभंग ज्यांच्या कानांवर आहेत अशा मराठी अभ्यासकाने या संगमाचा स्वतंत्र अभ्यास करावयास हवा. तो अद्याप झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा १९५२ मध्ये झाला. मजुरीच्या भातात वाढ मागण्यासाठी पूर्व तंजावरात शेतमजूर संघटित झाले. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी या गावी एका झोपडीत आश्रयाला गेलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना दोषी धरले, मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. इंदिरा पार्थसारथी यांची ‘कुरुतिप्पुनल’ ही कादंबरी या घटनेवर आधारित आहे. तिला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमीनदाराच्या क्रौर्याचा उगम त्याच्या लैंगिक न्यूनगंडात दाखविल्याबद्दल तिच्यावर डाव्या समीक्षकांनी टीका केली, आणि ती मला रास्त वाटते: वाद मजुरीच्या भाताचा होता, आणि कादंबरीने तो मनोविश्लेषणाकडे नेला. पळ्ळन खोड्यात अडकला तो विनोदासाठी, नंदन सुटला तो चमत्काराने. कीळवेण्मणीला या दोन्ही घाटांचा उपयोग नव्हता. तिसरा घाट शोधताना ही कादंबरी चाचपडली.

काही वर्षांपूर्वी कुंभकोणमहून तंजावरकडे बसने जात होतो. लावणीचे दिवस होते, दोन्ही बाजूंना गुडघाभर पाण्यात स्त्रियांच्या रांगा वाकलेल्या. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांचे बोलणे ऐकून ते तंजावरी मराठी बोलतात हे ध्यानात आले. मी महाराष्ट्रातून आलो, मोडी कागद पाहावयास चाललो, असे कळल्यावर त्यांनी आपल्या घराण्याच्या हिशेबाच्या वह्यांविषयी सांगितले: कोणत्या गावाहून किती कलम आले, कोणत्या छत्रास किती गेले, देवास किती, दिव्याच्या तेलास किती. लावणी करणाऱ्यांना किती दिले ते त्यांत असे काय, असे मी विचारले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. ते खळ्यावरच देत, म्हणाले, त्याची नोंद वहीत येत नसे.